बंबात टाकलेला कागद

१

मंगळवारी सकाळी सात वाजता टाइम ऑफिसचं कपाट उघडं सापडलं आणि वाइंडिंग खात्याच्या बदली बायकांची सहा मस्टरं गायब होती. तीन वर्षांची हजेरी. आठ वाजता त्यांच्या पुठ्ठ्यांची जळकी टोकं गेस्ट हाऊसच्या बंबाखालच्या राखेत मिळाली. नऊ वाजता ती राख बिस्किटांच्या डब्यात घालून माझ्या टेबलावर आणून ठेवली, आणि माझा दिवस तिथंच नासला.

मी म्हमाणे. सोलापुरातल्या या कापड गिरणीत बावीस वर्षं केमिस्ट. हे सांगतोय ते चौऱ्याहत्तरच्या जानेवारीतलं, कोळशाची टंचाई होती तेव्हाचं. वॅगनी येत त्यात निम्मा दगड. रोज त्यातला चिमूटभर कोळसा जाड पोलादी भांड्यात जाळायचा, त्यातून किती उष्णता निघाली ते काढायचं आणि वर कळवायचं की कोळसा वाईट आहे. वरच्यांना ते ठाऊकच असायचं. मग त्यांनी टूम काढली की कोळसा नाही तर दुसरं काही बॉयलरमध्ये घालता येईल का ते बघा. म्हणून त्या आठवड्यात आम्ही सुताचा कचरा, सरकीची टरफलं, कागदाची रद्दी, हाताला येईल ते जाळून मोजत होतो. मी अगदी कंटाळलो होतो.

लेबर ऑफिसर मानसिंगराव स्वतः आले. त्यांनी खुर्ची ओढली नाही, म्हणजे काम दोन मिनिटांचं होतं.

"म्हमाणे, राख कागदाची आहे एवढं लिहून द्या. मस्टरं जळाली, असं."

"सोमवारी कोर्टात तारीख आहे ना त्यांची?"

"म्हणूनच घाई आहे."

प्रकरण सगळ्या गिरणीला माहीत होतं. कायम बाई रजेवर गेली की तिच्या जागी उभी राहते ती बदली. पण आमच्या एक्केचाळीस बदली बाया रोजच येत होत्या, वर्षानुवर्षं. वर्षाला दोनशे चाळीस दिवस भरल्याचं दाखवलं की त्यांना कायम करणं भाग होतं. ते दिवस फक्त त्या सहा मस्टरांत होते. मस्टरं गेली तर त्या बायकांचं गिरणीत येणंच झालं नाही, असा त्याचा अर्थ.

"जाळली कुणी?" मी विचारलं.

"तुमच्या येडूनं," मानसिंगराव म्हणाले आणि एक कागद पुढे केला. "सस्पेंड केलंय. शनिवारी अकराला चौकशी, आणि मग घरी."

कागदावर एकच ओळ होती. आज पहाटे मी कागद बंबात टाकला. खाली येडूचा डाव्या हाताचा अंगठा.

२

येडू अकरा वर्षं माझ्या प्रयोगशाळेत होता. सांगोल्याकडचा, मेंढरं विकून शहरात आलेला, पंचेचाळिशीचा माणूस. त्यानं माझ्या हाताखाली एकही काचनळी फोडली नव्हती. तरीही खरं सांगतो, पेन उचललं होतं मी. कबुली आहे, राख आहे, माझं काय जातंय, असा विचार मनात आला होता.

सही करण्याआधी राख चाळली, ती निव्वळ सवयीनं. पुठ्ठ्यांची बारा टोकं निघाली, लाल कापडाची. शिवणीच्या बाजूची भोकं त्यांत दिसत होती, गोल आणि शाबूत. आखीव पानाचा मात्र एकही तुकडा नव्हता. कपाटाचं कुलूप मोडलेलं नाही हेही मला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सांगितलं होतं. किल्ल्या दोनच. एक मानसिंगरावांकडे, दुसरी टाइमकीपर गुंडोपंत अकलूजकरांकडे. येडूला कोण किल्ली देतंय?

पेन ठेवलं आणि कुरकुरत गेस्ट हाऊसला गेलो. तिथला स्वयंपाक आणि बंब बजाबाईकडे. ती माझ्याकडे न बघताच भाकरी थापत बोलली.

"म्या काय बी केलं न्हाय सायेब. पाचाला नळ आला. बंब काठोकाठ भरला आन् दूध आणाय गेले. पावणेसाला आले तर बंब कुनीतरी पेटवल्याला. मला वाटलं वॉचमननं केलं आसंल."

"जाळ मोठा होता?"

"कशाचा मोठा. इझलाच हुता की. नुसती राख."

"मग काय केलंत?"

"ममईचं पावनं उतरल्यालं हुतं, यंत्रं इकनारं. ते पानी मागाय लागलं. दोन बादल्या दिल्या काढून."

"विसण किती घातलंत?"

बजाबाईनं आता वर बघितलं. "विसन कुटलं सायेब. हात घातला तर पानी कोमट. गार पानी घालायचं कामच पडलं न्हाय. पावनं लई वरडलं माज्यावर. थंडीत आसलं पानी देतीस व्हय, म्हनून."

मी मान हलवून बाहेर पडलो. फाटकाजवळ आलो आणि पाय थांबले. सहा मस्टरं जाळली, आणि विसण लागलं नाही?

३

गुरुवारी येडूच्या चाळीत गेलो. जिन्यावरच कमलम्मा भेटली. वाइंडिंगमधली जुनी बदली, पद्मशाली, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी. नऊ वर्षं तिला सकाळच्या भोंग्याला फाटकातून आत जाताना बघितलेलं.

"साहेब, त्याला विचारा तुम्ही," ती म्हणाली. "आम्ही त्याचं काय वाकडं केलं? त्याची पोरगी आजारी होती तर मी मांडीवर घेऊन बसले. आता कोर्टात मी काय दाखवू? हात दाखवू?"

तिनं खरंच हात पुढे केला. सुतानं बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या.

येडू आत भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको सारजाबाई चुलीकडे तोंड करून बसलेली, उठली नाही. दोन दिवस चाळीत त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

"येडू, खरं सांग. कागद बंबात टाकलास?"

"टाकला की सायेब."

"अरे, पण का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "का म्हंजी? तुमीच सांगितलं हुतं न्हवं. सोमवारी जाताना म्हनला, येडू, उद्या लौकर ये, रद्दीची गोळी कर आन् बंबात टाकून ठिव. म्या पाचाला आलो. गोळी केली, तोलली, बंबात ठिवली. पाचाला फाटकावर माजं नाव लिवल्यालं, म्हनून लेबर सायबांनी इचारलं, पहाटं कागुद बंबात टाकलास का. म्या म्हनलं, व्हय, टाकला. त्यांनी आंगठा घेतला. मला काय म्हाईत हे लोक कंच्या बंबाचं बोलत्यात."

मी तिथंच पाट ओढून बसलो. ज्या पोलादी भांड्यात आम्ही कोळसा जाळून बघतो त्याचं इंग्रजी नाव बाँब. येडू पहिल्याच दिवशी त्याला बंब म्हणाला होता. मला गंमत वाटली, मीही बंब म्हणायला लागलो, आणि अकरा वर्षं आमच्या खोलीत त्याला दुसरं नाव नव्हतं. हा शब्द त्याच्या तोंडी मीच पक्का केला होता, आणि अंगठ्यावरची ती ओळ वाचताना तो मला आठवलाही नव्हता. स्वतःची इतकी लाज मला फार दिवसांत वाटली नव्हती.

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस रे हे?"

"दोनदा सांगितलं. सायेब म्हनलं, आता गोष्टी रचू नगंस."

आणि तेही खरंच. हे त्याच्या वतीनं मी सांगितलं असतं तर माझीही गोष्टच ठरली असती. नुसता शब्दाविरुद्ध शब्द. मला त्यापेक्षा जड काहीतरी हवं होतं.

४

शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी थर्मामीटर, तराजू आणि एक किलो जुने पुठ्ठे घेऊन गेस्ट हाऊसच्या न्हाणीघरासमोर उभा होतो. बजाबाईला वाटलं माझं डोकं फिरलं. बंब मापानं भरला, चाळीस लिटर बसलं. पाणी वीस अंशांवर होतं. पुठ्ठ्याचे तुकडे मधल्या नळीतून सोडले आणि पेटवले. विझल्यावर ढवळून मोजलं तर चाळीस अंश.

"आता हात घाला," मी बजाबाईला म्हणालो.

तिनं घातला. "ह्येच की सायेब. आस्संच हुतं मंगळवारी. विसन नगं."

पुढचं गणित शाळेतल्या पोरालाही येईल. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते तिला आम्ही एक माप धरतो, मोठी कॅलरी. चाळीस लिटर वीस अंशांनी तापलं, म्हणजे आठशे मापं पाण्यात गेली. एक किलो कागद जळला की तीन हजार नऊशे मापं निघतात. हा आकडा आमच्या वहीत नुकताच चढला होता, आणि तो ज्या गोळीवरून काढला ती येडूनंच बंबात टाकलेली, आमच्या बंबात. म्हणजे निघालेल्या उष्णतेचा साधारण पाचवा हिस्सा पाण्याला लागतो, बाकी धुराबरोबर वर जाते.

आता मस्टरं. कोरं मस्टर स्टोअरमधून मागवून तोललं, अडीच किलो. सहांचे पंधरा किलो. त्यातून निघणार साडेअठ्ठावन्न हजार मापं. पाचवा हिस्सा धरा, अकरा हजार सातशे. चाळीस लिटर गार पाण्याला उकळी यायला लागतात तीन हजार दोनशे. म्हणजे बंब साडेतीन वेळा उकळला असता. पाहुण्याची पाठ सोलून निघाली असती. आणि तो ओरडला पाणी कोमट आहे म्हणून.

शिवाय ती नळी वीतभरही रुंद नाही. पंधरा किलो कागद पाऊण तासाच्या तिप्पट वेळातही तिच्यातून गेला नसता. पाचाला पाणी भरलं, पावणेसहाला राख होती.

मग जळलं किती? किलोभर, बस. मी कोऱ्या मस्टराचा लाल पुठ्ठा सोडवून तोलला. एका मस्टराचे दोन पुठ्ठे एकशे ऐंशी ग्रॅम. सहांचे एक किलो ऐंशी ग्रॅम.

नुसते पुठ्ठे जळले होते. पानं कुठंतरी धडधाकट होती.

५

कोण, हे त्यानंतर कळायला वेळ लागला नाही. ज्या गिरणीत बॉयलरची भट्टी दिवसाला वीस टन कोळसा गिळते तिथं खरंच काही नाहीसं करायचं असेल तर माणूस आंघोळीच्या बंबाकडे कशाला जाईल? भट्टीत गेलेल्याची राख कुणी दाखवू शकत नाही. बंबातली सापडते. म्हणजे हे जाळणं दाखवण्यापुरतं होतं.

मानसिंगरावांना मस्टरं नकोच होती. त्यांनी स्वतः केलं असतं तर पानं राखून ठेवायचं त्यांना कारण नव्हतं. आणि त्यांनी पुठ्ठे ओरबाडले असते, शिवणीची भोकं फाटली असती. ती तर गोल आणि शाबूत होती. कुणीतरी दोरा एकेक टाका कापून काढला होता. जे जाळायचं ते इतक्या हलक्या हातानं कोण उसवतं?

दुपारी टाइम ऑफिसात गेलो. गुंडोपंत अकलूजकर दाभणानं नवं मस्टर शिवत होते. सव्वीस वर्षं ते मस्टरं स्वतःच शिवायचे. बाजारातलं बाइंडिंग वर्षभर टिकत नाही, असं म्हणायचे. सदऱ्याच्या बाह्यांवर शाईचे डाग, चष्म्याला दोरा. मी गणिताचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"साडेतीन वेळा," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही विसणावरून काढलंत हे?"

"बजाबाईनं काढलं. मी फक्त बेरीज केली. पानं कुठं आहेत, गुंडोपंत?"

त्यांनी दाभण खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मला सांगितलं होतं, सोमवारी मस्टरं दिसता कामा नयेत, जळाल्याची राख तेवढी दिसली पाहिजे. कुणी सांगितलं ते तुम्हाला कळतंय. लिहून कोण देणार. मी घेऊन गेलो होतो जाळायलाच. आधी पुठ्ठे सोडवले, ते टाकले. मग पहिलं पान हातात घेतलं. सगळं माझ्या अक्षरातलं, म्हमाणे. मी जन्मात दुसरं काय केलंय? आकडे भरले आणि नावं लिहिली. नाही टाकवलं मला."

"आणि येडू?"

"त्याची कबुली आपोआप आली. मी लिहिली नाही."

"तुम्ही गप्प बसलात."

"रिटायर व्हायला चार महिने राहिलेत माझे. बायको अंथरुणाला खिळलेली आहे."

मला राग आला, आणि त्या रागाचाही कंटाळा आला. मी म्हणालो, "गुंडोपंत, मंगळवारी मीही सही करणार होतो. पेन हातात होतं. तेव्हा मी तुम्हाला शिकवायला आलेलो नाही. पण त्या चाळीत येडूची बायको चुलीकडे तोंड करून बसली आहे. उद्या अकराला चौकशी आहे. मी हा कागद वाचणार. तुमचं नाव घ्यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही."

त्यांनी दाभण पुन्हा उचललं, पण दोरा ओवला जाईना. मी निघालो.

६

शनिवारी अकराला मॅनेजर साहेब टेबलापलीकडे, शेजारी मानसिंगराव. येडू धुतलेला सदरा घालून कोपऱ्यात उभा. खिडकीबाहेर वाइंडिंगच्या बायका, कारण जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी डबा उघडला नव्हता. गुंडोपंत नव्हते.

मी बंब या शब्दाचं सांगितलं, मग विसण, मग गणित. मॅनेजर साहेबांनी मध्येच थांबवून आकडा पुन्हा विचारला. मानसिंगराव हसले.

"छान आहे. पण म्हमाणे, चौदा किलोची पानं जळाली नाहीत तर ती असायला हवीत. कुठं आहेत?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. गणितानं एवढंच कळत होतं की पानं आहेत. ती कुठं आहेत हे सांगायचं तर एका म्हाताऱ्या माणसाचं नाव घ्यायला हवं होतं, आणि त्यानं नाही म्हटलं असतं तर माझ्याकडे पुढं काही नव्हतं. येडू माझ्याकडे बघत होता. मी नाव घ्यायला तोंड उघडलं.

दार लोटून गुंडोपंतच आत आले. धाप लागलेली. हातात चादरीचं मोठं गाठोडं, ते त्यांना उचलवत नव्हतं. येडू पुढे झाला आणि त्यानं ते टेबलावर ठेवून दिलं. गाठ सोडली तर आखीव पानांचे सहा गठ्ठे, एकावर एक.

"मी नेली होती," गुंडोपंत म्हणाले. "येडूचा काही संबंध नाही."

मानसिंगरावांचा चेहरा उतरला, पण माणूस तयारीचा. "याला कव्हर नाही, शिक्का नाही. सुटी पानं. ही कोर्टात कोण धरणार? कुणीही लिहून आणेल."

"अक्षर माझं आहे. आता प्रत्येक पानावर सही करून देतो."

"म्हणजे कपाटातून नेल्याची कबुली देताय. समजतंय ना काय होईल ते?"

"समजतंय," गुंडोपंत म्हणाले. "का नेली तेही लिहून देतो, मॅनेजर साहेब विचारत असतील तर."

मॅनेजर साहेबांनी वरच्या गठ्ठ्यातली चार पानं उलटून बघितली. मग त्यांनी येडूच्या अंगठ्याचा कागद उचलला, फाडला आणि येडूला कामावर जायला सांगितलं. मानसिंगरावांना आपल्या खोलीत बोलावून ते उठून गेले. गुंडोपंतांना त्यांनी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

गुंडोपंत त्याच टेबलाशी बसले आणि सह्या करायला लागले. प्रत्येक पानाखाली नाव आणि तारीख. येडू कामावर गेला नाही. तो एकेक पान पुढे सरकवत होता आणि शाई वाळेपर्यंत धरून ठेवत होता. येडूनं त्यांना माफ केलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

दुपारी बायका एकेक करून आत आल्या. कमलम्मा सगळ्यात शेवटी. तिनं आधी येडूच्या पाठीवर हात ठेवला. मग टेबलाकडे आली.

"माझं कुठलं? मला मराठी वाचता येत नाही."

गुंडोपंतांनी गठ्ठ्यातलं एक पान काढून तिच्यासमोर धरलं आणि तिच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. एकतीस चौकोन, आणि बहुतेक सगळ्यांत हजेरीचा ह. कमलम्मानं चिरलेलं बोट एकेका चौकोनावरून पुढे नेलं. ओळ संपली. त्यांनी पुढच्या महिन्याचं पान दिलं, मग त्याच्या पुढचं. आठ-दहा पानं झाल्यावर तिनं हात मागे घेतला आणि ती खाली फरशीवर बसली.

"इतक्या वेळा आले मी?" ती म्हणाली.

"आलात," गुंडोपंत म्हणाले, आणि त्यांनी त्या पानाखाली सही केली.